धाकटीला कुठल्या कॉलेजात टाकायचं?

बारावीचा निकाल लागला, की आपल्या होस्टेलातल्या निम्म्या पोरांना घरून एक ठरलेला फोन येतो. "तू बाहेर राहतोस, तुला यातलं कळतं, सांग बरं धाकटीला कुठं टाकायचं?" धाकटी (किंवा धाकटा) सायन्सची असेल तर आपलं काम सोपं असतं. सीईटीचे पर्सेंटाइल, कॅप राउंड, मागच्या वर्षीचा कटऑफ, कोणती ब्रँच चालते, कोणती पडली... एकेकजण अर्धा अर्धा तास न थांबता बोलतो. तोच पोरगा "तिनं आर्ट्स घेतलं होतं, आता बीए करायचं म्हणते" एवढं ऐकलं की गप्प होतो. मग दोनपैकी एक उत्तर देऊन मोकळा होतो. एक, "पुण्याला पाठवा." दोन, "काहीही घ्या, बीए सगळीकडे सारखंच."

मित्रहो, ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडताना आपण जेवढी चौकशी करतो, त्याच्या दुप्पट चौकशी बीएचं कॉलेज निवडताना करायला पाहिजे. आपल्याकडे कॉलेज कसंही असलं तरी प्रॅक्टिकल, सबमिशन, व्हायवा यांचा एक दट्ट्या असतो, ७५ टक्के हजेरीचं भूत मानगुटीवर असतं. पोरगा रडतखडत का होईना, चार वर्षांत काहीतरी शिकून बाहेर पडतो. बीएला असा दट्ट्या नाही. तास झाले नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही. परीक्षेच्या आधी गाइड मिळतं, पेपर निघतात, डिग्री हातात येते. तीन वर्षं कुठं गेली ते मात्र कळत नाही. म्हणून तिथं कॉलेज कोणतं, हा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त मोलाचा आहे.

मी कारंज्याचा, म्हणजे कारंजा लाड, जिल्हा वाशिम. (१९९८ च्या आधीचे कागद काढले तर जिल्हा अकोला.) यंदा हा फोन माझ्याही घरून आला. बहिणीला बारावी आर्ट्सला चांगले मार्क पडले आणि घरात पंचायत बसली. मामा म्हणाले, "सरकारनं पोरीयची फी माफ केली ना बाप्पा! मंग बीए कायले करतं? बीसीए-बीबीए असं काही कामाचं घे." मामांची माहिती अर्धी बरोबर आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची फी राज्य सरकारनं २०२४-२५ पासून माफ केली, पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांची. साधं बीए त्यात नाही. आणि अनुदानित कॉलेजात बीएची फी मुळातच इतकी कमी असते की माफीवाचून फारसं अडत नाही. फुकट मिळतं म्हणून घ्या, हा बाजारातला सल्ला झाला. बाबांचं म्हणणं, गावातच राहू दे. आईचं म्हणणं अमरावती, कारण मावशी तिथं आहे. बहीण एवढंच म्हणाली, "दादा, मले नीट लिहाले-वाचाले शिकाचं हाय. जिथं ते शिकवतीन तिथं मले टाका."

बारावी झालेली पोरगी लिहायला-वाचायला शिकायचं म्हणते, यावर मामा खूप हसले. मला विचाराल तर त्या दिवशी घरात बोललं गेलेलं ते एकच शहाणं वाक्य होतं.

अलीकडे 'लिबरल आर्ट्स' हा शब्द पुण्याकडून आपल्याकडे येऊन पोचलाय. त्याचा अर्थ आधी बघू, कारण नाव मोठं आणि माहिती थोडी अशी त्याची गत आहे. अमेरिकेत छोट्या कॉलेजांची एक जुनी परंपरा आहे. हजार-दोन हजार विद्यार्थी, बहुतेक सगळे कॅम्पसवर राहणारे, वर्गात पंधरा-वीस जण. पीएचडीचे विद्यार्थी तिथं सहसा नसतातच, त्यामुळे मोठा प्राध्यापक स्वतः पहिल्या वर्षाला शिकवतो आणि त्या पोरांचे निबंध स्वतः तपासतो. इतिहासवाल्याला थोडं विज्ञान घ्यावं लागतं, विज्ञानवाल्याला साहित्य. कॅलिफोर्नियातलं १९५५ मध्ये स्थापन झालेलं हार्वे मड कॉलेज तर इंजिनिअरिंग शिकवतं आणि तरीही स्वतःला लिबरल आर्ट्सचं कॉलेज म्हणवून घेतं. तिथल्या भावी इंजिनिअरला साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र असे भरपूर कोर्स केल्याशिवाय डिग्री मिळत नाही. (आपल्याकडे 'कम्युनिकेशन स्किल्स'चा एक पेपर, त्याचाही अभ्यास आदल्या रात्री. असो.)

आपल्या देशात पुण्याला सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्सचं स्कूल २०११ मध्ये निघालं, फ्लेमला २०१५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला, हरियाणात सोनिपतला अशोका विद्यापीठ २०१४ पासून आहे. त्यांच्या शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्षाची फी लाखांत. तिचा हिशेब सोयाबीनच्या पोत्यात करायला गेलं तर बाबा उठून बाहेर जातात. शिष्यवृत्त्या असतात, हुशार आणि गरजू पोरांनी त्यासाठी अर्ज जरूर करावा, मिळाली तर डोळे मिटून जावं. पण मिळण्याच्या भरवशावर घर बसवता येत नाही.

मग उरलं काय? तर आपली जवळची कॉलेजं. कारंज्यात किसनलाल नथमल गोयनका महाविद्यालय आहे, विद्याभारती महाविद्यालय आहे. अमरावतीला तर भरपूर आहेत. सगळी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखालची. एक गंमत लक्षात घ्या. अमेरिकेतलं छोटं कॉलेज मुद्दाम छोटं ठेवलेलं असतं. आपल्याकडचं छोटं कॉलेज बऱ्याचदा पोरं येत नाहीत म्हणून छोटं असतं. वर्गात वीस जण दोन्हीकडे दिसतील, पण एकीकडे वीसच घ्यायचे असं ठरलेलं असतं, दुसरीकडे पटावर ऐंशी असतात आणि साठ जण थेट परीक्षेला उगवतात. पण नीट बघितलं तर बसलेल्या वीस जणांच्या दृष्टीनं दोन्हीत फरक किती? शिकवणारा माणूस तिथं असेल आणि त्याला शिकवायची हौस असेल, तर आपल्या गावच्या त्या अर्ध्या रिकाम्या वर्गात तेच मिळू शकतं ज्याच्यासाठी लोक लाखो रुपये मोजतात. माणूस नसेल तर उरतात रिकामी बाकं.

ही माझी कल्पनेची भरारी नाही. आपल्याच भागात हे घडून गेलंय. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, जिला सगळे व्हीएमव्ही म्हणतात, ती १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झाली. तिथं हिरालाल जैन नावाचे संस्कृतचे प्राध्यापक होते. त्याच सुमारास आमच्या कारंज्यातल्या जैन मंदिरांत, भट्टारकांच्या गाद्यांजवळ, शेकडो वर्षांची हस्तलिखितं बासनात बांधून पडलेली होती. १९२६ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची छापली गेली, तिच्यात कारंज्याच्या पोथ्या आल्या. (ती सूची करणारे रायबहादुर हिरालाल वेगळे, हे प्राध्यापक हिरालाल वेगळे. माझाही सुरुवातीला घोळ व्हायचा.) मग प्राध्यापकसाहेबांनी त्या पोथ्या वाचायला घेतल्या. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या काळातला अपभ्रंश भाषेचा कवी. अपभ्रंश म्हणजे आपल्या मराठी-हिंदीच्या आधीची पायरी. त्याचं 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये आणि कनकामराचं 'करकंडचरिउ' १९३४ मध्ये हिरालाल जैनांनी संपादित करून छापलं. ग्रंथमालेचं नावच कारंजा जैन ग्रंथमाला! त्याआधी १९३१ मध्ये याच मालेत प. ल. वैद्यांनी 'जसहरचरिउ' काढलं होतं. पुढं १९३९ मध्ये 'षट्खंडागमा'चा पहिला खंड हिरालाल जैनांनी अमरावतीहूनच प्रसिद्ध केला. मूळ ताडपत्रं पार कर्नाटकात मूडबिद्रीला, सगळे मिळून सोळा खंड, आणि काम कुठून सुरू झालं तर वऱ्हाडातल्या एका कॉलेजातल्या मास्तराच्या टेबलावरून.

आता सांगा, त्या वेळी अमरावतीचं ते कॉलेज 'टॉप रँकिंग' होतं का? रँकिंगच नव्हतं. एक प्राध्यापक होता, त्याला विषयाचं वेड होतं, आणि आजूबाजूच्या गावात काय पडलंय हे बघायची नजर होती. बीएचं कॉलेज निवडताना बघायचं ते हेच. ज्या कॉलेजातला इतिहासाचा मास्तर पोरांना घेऊन कारंज्याच्या मंदिरात जातो, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेवर त्यांना प्रोजेक्ट करायला लावतो, भूगोलवाला सोहोळच्या काळवीट अभयारण्यात नेतो, ते कॉलेज छोटं असलं तरी खरं. आणि ज्या कॉलेजात पाच मजली इमारत आहे पण इतिहासाला चार वर्षांत मास्तरच नाही, ते कितीही चकचकीत असलं तरी तिथं बहिणीला टाकू नका.

मास्तरच नाही, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. राज्यातल्या अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आहेत. त्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, माणसं नेमतात. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. सीएचबीवाले सर वाईट शिकवतात असं अजिबात नाही, कधी कधी तेच सगळ्यात जीव तोडून शिकवतात. पण ते सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात, आणि पुढच्या वर्षी असतील की नाही हे त्यांनाच माहीत नसतं. पहिल्या वर्षाला ज्यांनी तुमच्यात काहीतरी पाहिलं ते तिसऱ्या वर्षाला तिथं नसतात. म्हणून कॉलेजच्या ऑफिसात विचारायचा पहिला प्रश्न हा: ज्या विषयात मेजर घ्यायचंय त्याला कायम शिक्षक किती? आणि दुसरा प्रश्न, जरा चावट वाटेल पण विचाराच: ते रिटायर कधी होणार? आपल्याकडे साठीला रिटायर होतात. नावाजलेले सर अठ्ठावन्नचे असतील तर तुमच्या तिसऱ्या वर्षी त्यांच्या निरोप समारंभाचे पेढे तुम्हाला मिळतील, शिकवणं मिळणार नाही.

यासाठी कॉलेजात चक्कर मारायच्या आधी आपल्याला घरबसल्या एक काम करता येतं, आणि ते इंजिनिअरिंगवाल्यालाच चांगलं जमेल. नॅकची ग्रेड सगळे बघतात. पण ग्रेड पूर्ण कॉलेजची असते, तिच्यावरून मराठीच्या विभागात काय चाललंय ते कळत नाही. ग्रेडसाठी कॉलेज जो सेल्फ स्टडी रिपोर्ट देतं, तो कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. शंभर-दीडशे पानं, भाषा अशी की झोप यावी. पण त्यात मंजूर जागा किती, पूर्णवेळ शिक्षक किती, विद्यार्थी किती, ग्रंथालयावर वर्षाला खर्च किती, हे सगळं तक्त्यात दिलेलं असतं. आपण मशीन डिझाइनच्या डेटाबुकात दोन वर्षं डोकं घालतो, हे तक्ते म्हणजे काय मोठी गोष्ट! घरचे लोक ते वाचणार नाहीत. फोन आपल्याला येतो, तर वाचायचंही आपणच.

आता विषयांबद्दल. नवीन शैक्षणिक धोरण आपल्या राज्यात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांनाही लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कागदावर सगळं लिबरल आर्ट्ससारखंच दिसतं. इतिहासासोबत कॉमर्सचा कोर्स घ्या, मराठीसोबत पर्यावरण घ्या. पण टोपली कितीही मोठी असो, तिच्यात भाजी तेवढीच जेवढे शिकवणारे. छोट्या कॉलेजात ओपन इलेक्टिव्हच्या यादीत पंधरा नावं असतात आणि प्रत्यक्षात दोन चालतात. त्यामुळे यादी विचारू नका, "मागच्या वर्षी यातले कोणते तास खरंच झाले?" असं विचारा. आणि ऑफिसात विचारू नका, पानटपरीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा. ऑनर्सचं चौथं वर्ष तिथंच होतं की दुसरीकडे जावं लागतं, हेही त्यांनाच ठाऊक असतं.

बहिणीच्या त्या वाक्याकडे परत येतो, कारण माझ्या मते गाडी तिथंच अडते. लिहायला कोण शिकवणार? आपल्या भागात बीए म्हणजे एमपीएससीची वेटिंग रूम असं समीकरण झालंय. मला त्यात गैर वाटत नाही, आमच्या वाड्यातले दोन दादा त्याच रांगेत आहेत. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. म्हणजे पर्याय काळे करून आता चालणार नाही, पानं लिहावी लागणार, मुद्दा मांडावा लागणार. ते कोचिंगच्या सहा महिन्यांत येत नाही. तीन वर्षं कुणीतरी तुमचा निबंध वाचून, लाल पेनानं खाडाखोड करून, "हे वाक्य तुझं नाही, गाइडचं आहे" असं सांगावं लागतं. असं करायला मास्तरला वेळ लागतो, आणि वेळ तेव्हाच असतो जेव्हा वर्गात दीडशे पोरं नसतात. छोट्या कॉलेजाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तो फुकट आहे. फक्त तो दिला जातो का ते बघायचं. मागच्या वर्षीच्या कुणाची तरी ट्यूटोरियलची वही मागून बघा. नुसती टिकमार्क असेल, 'गुड' लिहून सही ठोकलेली असेल, तर समजून घ्या. (आपल्या सबमिशनच्या फाइलींबद्दल इथं मी काही बोलत नाही, हा अंक स्टाफरूममध्येही वाचतात!)

अंतराचा प्रश्न लोक फार हलक्यात घेतात. कामरगाव, मनभा, धनज, उंबर्डा बाजार इथली पोरं-पोरी कारंज्याला अपडाऊन करतात. मार्च २०२३ पासून बायका-मुलींना एसटीचं अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाचा ताण थोडा कमी झाला. पण गाडीचं टाइमटेबल कॉलेजच्या टाइमटेबलला विचारून केलेलं नसतं. शेवटचा तास एकला आणि गावची गाडी साडेबाराला, असं असलं की शेवटच्या तासाचा विषय तीन वर्षं बुडाला म्हणून समजा. ग्रंथालयात बसणं, गॅदरिंगच्या नाटकाची तालीम, मास्तरांच्या टेबलाशी उभं राहून वाद घालणं हे सगळं गाडी सुटल्यानंतरच्या वेळात होतं. म्हणून जमत असेल तर होस्टेलवर राहावं, असं मी म्हणेन, आणि हे होस्टेलच्या मेसमध्ये जेवणारा माणूस म्हणतोय यावरून काय ते समजा. मुलीला होस्टेलवर ठेवायला घरचे का-कू करतात. आमच्याकडेही झालं. पण मुलाला चार वर्षं बाहेर ठेवलं तेव्हा कुणी का-कू केली नव्हती, हे बहिणीनं बाबांना शांतपणे ऐकवलं. बाबा काही बोलले नाहीत.

प्लेसमेंटचं म्हणाल तर बीएच्या कॉलेजात 'कॅम्पस' नसतो, आणि त्यावरून कॉलेज मोजूही नये. पंजाबराव देशमुख पापळचे, आपल्याच मातीतले. पुण्याला फर्ग्युसनला शिकले, पुढं ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहिला आणि १९३२ मध्ये अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली. नंतर देशाचे कृषिमंत्री झाले. वेदांचा अभ्यास करून शेतीचं खातं सांभाळायला कोणत्या ब्रँचचं पॅकेज लागतं, मला माहीत नाही. आणि आपल्यातलेही काही जण चार वर्षं इंजिनिअरिंग करून शेवटी यूपीएससीला इतिहास नाहीतर समाजशास्त्र घेतातच की!

राहिलं ग्रंथालय. किती हजार पुस्तकं आहेत हा आकडा काही सांगत नाही. पुस्तकं हाताळायला मिळतात की काचेच्या कपाटात कुलपाआड आहेत ते बघा. एखादं पुस्तक काढून शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी वाचा. बहीण बाबांना घेऊन दोन कॉलेजांत जाऊन आली. नावं लिहीत नाही. एकीकडे रीडिंग हॉल एसी होता आणि तिनं मागितलेल्या पुस्तकावर शेवटचा शिक्का २०११ चा. दुसरीकडे एकच खोली, पंखा कुरकुरणारा, आणि इतिहासाच्या एका पुस्तकावर गेल्या वर्षभरातले सात शिक्के. ती मोजून आली. तिथल्या इतिहासाच्या मॅडमना रिटायर व्हायला अजून अकरा वर्षं आहेत, हेही विचारून आली. कसं विचारलंस म्हटलं, तर म्हणाली, "डायरेक्ट मॅडमलेच विचारलं. हसल्या न् बाप्पा, मंग मलेच म्हणाल्या, तू काय वाचतं ते सांग आधी. अर्धा तास बसवून ठेवलं."

फॉर्म तिथलाच भरलाय. मामा अजून बीसीएवरच अडून आहेत.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल